बोटीत बसण्याआधी एकदा वर बघा: छत, कॅनोपी आणि टॉवरमागचं सोपं विज्ञान

पुण्यात राहणाऱ्या माणसाला समुद्र लांब, पण पाणी जवळ. खडकवासला, पानशेत, पवना, मुळशी, एखादा रविवार मोकळा मिळाला की गाडी तिकडेच वळते. कणीस, कांदाभजी, थोडं बोटिंग आणि भरपूर फोटो. आज मी याच बोटिंगबद्दल लिहिणार आहे. पण इंजिन किती पॉवरचं, स्पीड किती, हे आपण पुन्हा कधीतरी बघू. आजचा विषय आहे बोटीच्या डोक्यावरचं छत.

छतात काय एवढं समजून घ्यायचं, असं मलाही वाटायचं. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ते मत बदललं.

पुण्याहून साधारण दोन तासांवरच्या एका धरणाच्या पाण्यावर आम्ही आठ मित्र गेलो होतो. बोट छान होती. खाली बाकं, वर पाइपांच्या सांगाड्यावर पक्कं छत आणि त्या छतावर जायला छोटी शिडी. पाण्याच्या मध्यावर पोचल्यावर मीच म्हणालो, "चला रे, वर जाऊ, मागे सिंहगडासारखा डोंगर दिसतोय, भारी फोटो येईल." आठही जण वर. बोट हळूहळू झुलायला लागली. अगदी निवांत, पाळण्यासारखी. मला तर मजाच वाटली. मग मी सगळ्यांना फ्रेममध्ये घ्यायला म्हणून एका बाजूला बोलावलं. बोट त्या बाजूला कलली आणि कललेल्या जागी क्षणभर थबकली. परत यायला तिने वेळ घेतला.

खालून बोटवाले काका ओरडले, "ओ दादा, खाली या आधी! एकेक करून या, सगळे एकदम नको!" आम्ही उतरलो. काही झालं नाही. फोटो पण आला. पण ते थबकणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. बोट तेव्हा नक्की काय करत होती? त्याचं उत्तर शोधताना जे समजलं, ते इथे सोप्या भाषेत मांडतोय.

बोट उभी कशी राहते?

चला, आधी बेसिक. बोटीचं सगळं वजन एका बिंदूतून खाली खेचतं असं समजा. हा गुरुत्वमध्य. पाणी बोटीला खालून वर ढकलतं. हा ढकलणारा जोर बोट कलली की त्याच बाजूला सरकतो, कारण ती बाजू जास्त बुडते. त्यामुळे तो बोटीला पुन्हा सरळ करतो.

पण एक अट आहे. बोटीचा गुरुत्वमध्य पुरेसा खाली हवा. पाण्याचा आधार बोटीला जिथपर्यंत सांभाळू शकतो, तो एक काल्पनिक बिंदू वर असतो. त्याचं नाव मेटासेंटर. गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर यांच्यातलं अंतर म्हणजे मेटासेंट्रिक हाइट. नाव जड आहे, म्हणून मी त्याला 'शिल्लक' म्हणतो. खात्यात शिल्लक असेपर्यंत बोट परत सरळ होते. वर चढणारा प्रत्येक माणूस, छताचा प्रत्येक पाइप या शिल्लकेतून थोडं थोडं काढून घेतो. शिल्लक शून्य झाली की बोट स्वतःहून सरळ होत नाही.

आता आमचंच गणित मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

बोट आणि माणसं मिळून वजन २४०० किलो. शिल्लक ५० सेंटीमीटर. आठ जण, प्रत्येकी ६० किलो, म्हणजे ४८० किलो वजन २ मीटर वर गेलं. ४८० गुणिले २, भागिले २४००. उत्तर ०.४ मीटर. म्हणजे गुरुत्वमध्य ४० सेंटीमीटर वर सरकला आणि शिल्लक उरली १० सेंटीमीटर!

आता त्यातले चार जण फोटोसाठी एका बाजूला १ मीटर सरकले. सगळे खाली असते तर बोट साधारण ११ अंश कलली असती. शिल्लक १० सेंटीमीटर असताना तेच गणित ४५ अंश दाखवतं. हे सूत्र लहान कोनांपुरतंच खरं असतं, त्यामुळे ४५ हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पण अर्थ सरळ आहे. तेच चार मित्र, तेच एक पाऊल. खाली असताना बोट थोडी कलते, वर असताना काठ पाण्याखाली जाऊ शकतो.

आणि ते निवांत झुलणं? शिल्लक जास्त असेल तर बोट पटापट, थोडी झटके देत हलते. शिल्लक कमी झाली की बोट संथ झुलते. झोका पूर्ण व्हायला दुप्पट वेळ लागत असेल, तर शिल्लक साधारण पावपट उरली असं समजायचं. मला जी बोट आरामशीर वाटत होती, ती खरं तर दमली होती.

छत पहिलं काम करतं: वजन वर नेतं

बोटीवर छत बसवताना लोक बहुतेक सावलीचा विचार करतात. पाण्याला मात्र ते वजन म्हणून कळतं. म्हणून मटेरियल महत्त्वाचं. लोखंडाच्या जीआय पाइपचा सांगाडा स्वस्त पडतो, वेल्डिंग कुठेही होतं. पण ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असते. ताकदीसाठी ॲल्युमिनियमचा पाइप थोडा जाड घ्यावा लागतो, तरी वजनात मोठी बचत होते. खाऱ्या पाण्यात, म्हणजे तारकर्ली किंवा मांडव्याकडे, गंजाचाही प्रश्न येतो. तिथे स्टेनलेस स्टील घ्यायचं तर ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड चांगली, कारण तिच्यातलं मॉलिब्डेनम मिठापासून होणारा गंज रोखायला मदत करतं. आपल्या धरणांच्या गोड्या पाण्यात ३०४ सुद्धा चालून जातं.

छतावर माणसं चढली की मात्र पाइप हलका की जड हा मुद्दा बाजूलाच राहतो. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळमध्ये थेक्कडीच्या पेरियार तलावात 'जलकन्यका' ही दोन मजली पर्यटक बोट उलटली. ४५ जणांचा जीव गेला. त्यावेळच्या बातम्यांनुसार प्राणी बघायला लोक एका बाजूला गेले होते. ७ मे २०२३ रोजी केरळमध्येच तानूरला दोन मजली 'अटलांटिक' बोट उलटली, २२ जण गेले. ती मुळात मासेमारीची बोट होती, नंतर तिचं पर्यटक बोटीत रूपांतर केलं होतं आणि त्या दिवशी तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. जाळी आणि मासे खाली ठेवण्यासाठी बनलेल्या बोटीवर वर मजला चढवला की आपण शिल्लकेवरच हात मारतो.

दुसरं काम: वारा पकडतं

शिडाचं जहाज वाऱ्यावर चालतं हे आपल्याला माहीत आहे. छताला बाजूने ताडपत्रीचे पडदे लावले की आपण नकळत शीडच उभारतो.

समजा पडदा ६ मीटर लांब आणि दीड मीटर उंच आहे. क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. ताशी २५ किलोमीटरचा वारा त्याला बाजूने साधारण ३० किलो वजनाइतका रेटा देतो. वारा ताशी ५० झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. दोन धडधाकट माणसं छताजवळून बोट ढकलतायत असं डोळ्यांपुढे आणा.

आपल्याकडे हा वारा कधी येतो? बरोबर, एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी. दुपारी ऊन कडक, हवा एकदम पडलेली आणि चार वाजल्यानंतर आभाळ भरून अचानक सोसाट्याचा वारा. नेमका तोच सुट्टीचा हंगाम. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात बुडाली आणि सहा जणांचा जीव गेला. ती सहलीची बोट नव्हती, पलीकडच्या गावी जाणाऱ्या लोकांची बोट होती. हे उदाहरण छताचं म्हणून देत नाहीये. आपल्या धरणांवरचा वारा काय करू शकतो, एवढंच त्यातून घ्यायचं. आता अशा वाऱ्यात पडदे बांधलेलं उंच छत घेऊन जाणारी बोट विचारात घ्या.

तिसरं काम: बाहेर पडायची वाट अडवतं

या मुद्द्याचा मी कधी विचारच केला नव्हता. वाचल्यावर अंगावर काटा आला.

अमेरिकेत 'डक बोट' नावाची गाडी-कम-बोट पर्यटकांना फिरवायची. रस्त्यावर चालते आणि तशीच पाण्यात उतरते. डोक्यावर छत, बाजूला प्लॅस्टिकचे पडदे. १ मे १९९९ रोजी आर्कान्सा राज्यातल्या लेक हॅमिल्टनमध्ये अशी एक डक बोट बुडाली आणि १३ जण गेले. लोक बुडत्या बोटीच्या छताखाली अडकले होते. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, तपासानंतर सांगितलं की पाणी भरलं तरी तरंगत राहील अशी बोट करा, नाहीतर छत काढून टाका.

बहुतेक ठिकाणी छतं तशीच राहिली. १९ जुलै २०१८ रोजी मिसूरी राज्यात ब्रॅन्सनजवळच्या टेबल रॉक लेकवर वादळात आणखी एक डक बोट बुडाली. ३१ पैकी १७ जणांचा जीव गेला. तिचा एका बाजूचा पडदा खाली ओढलेला होता. शेवटी २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने कायदाच केला, की या बोटींची छतं आणि खिडक्यांची आवरणं काढावी लागतील. पहिल्या इशाऱ्यानंतर वीसपेक्षा जास्त वर्षांनी!

अडकण्याचं कारण साधं आहे. बोट पाण्याखाली जायला लागली की लाइफ जॅकेट माणसाला वर ढकलतं. वर छत असेल आणि बाजू बंद असतील, तर माणूस छताला चिकटून राहतो. म्हणून लाइफ जॅकेट घालू नका, असा अर्थ अजिबात काढू नका! जॅकेट घालायचंच, आणि बक्कल लावून घालायचं. बदलायचं असेल तर छत बदला, पडदे उघडे ठेवा.

मग छत नकोच का?

हवंच. मे महिन्यात दुपारी उघड्या बोटीत तासभर बसून बघा, ऊन लागून आजारी पडाल. फक्त छत तीन परीक्षा पास झालं पाहिजे: वजन, वारा आणि वाट. रील्समध्ये दिसणारे प्रकार या तीन परीक्षांना बसवून बघू.

बिमिनी टॉप: पाइपच्या कमानी आणि वर ताणलेलं कापड. बाजू उघड्या. वजन कमी, वारा वाढला की घडी घालून मागे पाडता येतं. छोट्या बोटीसाठी सगळ्यात समजूतदार पर्याय. कापड मात्र उन्हात टिकणारं हवं. साधी ताडपत्री आपल्याकडच्या उन्हात लवकर फाटते, रंगीत धाग्यापासून विणलेलं ॲक्रिलिक कापड जास्त टिकतं.

टी-टॉप आणि हार्डटॉप: फायबर किंवा धातूचं पक्कं छत. मजबूत, पण घडी घालता येत नाही. वारा आला तरी ते तिथेच असणार. म्हणून बोट बनवतानाच त्याचा हिशेब व्हायला हवा. नंतर वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेतलेलं हार्डटॉप दिसायला सारखंच दिसतं, हिशेब मात्र कोणी केलेला नसतो.

टॉवर: वेकबोर्ड करणाऱ्या स्पीडबोटीवर धातूची उंच कमान असते. दोरी उंचावर बांधली की मागच्या खेळाडूला उडी मारताना वर ओढ मिळते. पण उंचावरची ओढ बोटीलाही कलवते. म्हणूनच टॉवर बनवणाऱ्या कंपन्या हवा भरलेली ट्यूब टॉवरला बांधू नका, असं बजावतात. वळणावर माणसांनी भरलेली ट्यूब बाजूला जोरात ओढ घेते. ट्यूब आणि बनाना राइडची दोरी खाली, बोटीच्या मागच्या कड्यालाच असली पाहिजे. मासेमारीच्या काही बोटींवर तर याहून उंच मनोरे असतात, लांबचे मासे दिसावेत म्हणून. तिथे वर एक-दोन माणसंच जातात, तीही शांत पाण्यात.

पॉन्टून आणि जोडबोट: दोन किंवा तीन लांब नळकांड्यांवर सपाट फळी, वर छत. इथे छत जास्त निभावतं, कारण रुंदी. बोटीची रुंदी दुप्पट केली की पाण्याच्या पातळीवर मिळणारा आधार आठपट होतो. याची उलट बाजू बघायची असेल तर पुण्यातच संगमावर जा. सीओईपीच्या बोट क्लबची रेगाटा १९२८ पासूनची. शर्यतीची एका माणसाची स्कल साधारण ८ मीटर लांब आणि जेमतेम ३० सेंटीमीटर रुंद असते. तिच्यावर छत्री जरी उभी केली तरी खेळ संपला!

रुंदीचा चांगला उपयोग बघायचा तर केरळची 'आदित्य' बघा. वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ पासून चालणारी ही सोलर फेरी. ७५ प्रवासी आणि अख्ख्या छतावर सोलर पॅनेल. काचेचं एक मोठं पॅनेल वीस-बावीस किलोचं असतं, म्हणजे वर बरंच वजन आलं. पण बोट ७ मीटर रुंद, दोन तळांची, आणि छतासकट आधी कागदावर मांडलेली. आधी छताचा विचार, मग बोट. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं.

घरी करून बघा

अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. तळाला पाच-सहा नाणी टेपने चिकटवा आणि बादलीत तरंगवा. बोटाने टोचा. पटकन हलून स्थिर होईल. आता चार स्ट्रॉ उभ्या करून वर पुठ्ठ्याचं छत लावा आणि तीच नाणी तळातून काढून छतावर चिकटवा. पुन्हा टोचा. झोका लांबेल, किंवा डबा आडवाच होईल. तोवर टिकलाच, तर बाजूला कागदाचा पडदा लावा आणि वहीने वारा घाला. पंखा पाण्याजवळ आणू नका. व्हिडिओ काढा, स्लो मोशनमध्ये तो 'थबकण्याचा' क्षण स्पष्ट दिसतो.

फोनचा खरा उपयोग

तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप त्यावरून कल मोजून दाखवतं. आयफोनवर मेझर ॲपमध्येही लेव्हल आहे. पण बोटीवर त्याहून सोपी पद्धत म्हणजे स्टॉपवॉच. बोट एका बाजूला कलून परत त्याच बाजूला यायला किती सेकंद लागतात ते मोजा. दहा झोक्यांची वेळ घेऊन दहाने भागा. बोट कमी भरलेली असताना एकदा आणि पूर्ण भरल्यावर एकदा. वेळ खूप वाढली असेल तर शिल्लक घटली आहे. या आकड्यावरून बोट सुरक्षित आहे असं सर्टिफिकेट मिळत नाही. पण धोक्याची चाहूल नक्की लागते.

बसण्याआधी पाच गोष्टी

१. छतावर शिडी आहे का? असली तरी चढू नका. बोटवाल्याने "चालतं हो" म्हटलं तरी.

२. पडदे बांधलेले आहेत का? वर गुंडाळायला सांगा. पाऊस लागला तरी चालेल, भिजल्याने कोणी मरत नाही.

३. आपल्या जागेवरून बाजूने बाहेर पडता येईल का? एकदा नजरेने वाट ठरवून ठेवा.

४. बोटीची नोंदणी आणि प्रवासी क्षमता लिहिलेली आहे का? आता २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट लागू आहे, नोंदणी आणि तपासणी ही मेहेरबानी नाही, नियम आहे. विचारायला लाजू नका.

५. आभाळ भरून आलंय का? मग पैसे गेले तरी चालतील, किनाऱ्यावर भजी खा.

आमचा तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. आठ जण, सगळे हसतायत. नीट बघितलं तर मागची पाण्याची रेघ तिरकी दिसते. तेव्हा मला वाटलं होतं, फोन वाकडा धरला गेला. म्हणून एडिटमध्ये जाऊन मी तो फोटो सरळही केला होता. आता मूळ तिरका फोटोच ठेवलाय.

पुढची ट्रिप ठरत असेल तर हा लेख आधी त्या ग्रुपवर टाका. आणि जेटीवर पोचल्यावर फोन काढण्याआधी एकदा मान वर करून छताकडे बघा.